सेंद्रिय रसायनाचे पाठ्यपुस्तक कोणाचे?

दलित समीक्षेने आजवर कथा, कविता, आत्मकथने तपासली. प्रस्थापितांच्या कादंबऱ्यांतून आपल्या माणसांचे जे विद्रूपीकरण झाले त्याचा जाब तिने विचारला. हे कार्य आवश्यकच होते. परंतु आपल्या मुलांच्या हाती सर्वांत अधिक काळ असणारे पुस्तक कादंबरी नसते, कवितासंग्रहही नसतो. ते पाठ्यपुस्तक असते. कादंबरी आवडली नाही तर बाजूला ठेवता येते. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवणाऱ्या मुलाला व्यवस्थाच बाजूला ठेवते. असे असूनही विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाकडे आपण समीक्षेची नजर वळवलेली नाही. इतिहासाचे पुस्तक पक्षपाती असू शकते हे आपल्याला पटते. रसायनाचे पुस्तक मात्र निःपक्षपाती असते असे आपण गृहीत धरून चालतो.

प्रस्तुत लेखात बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असणाऱ्या सेंद्रिय रसायनाच्या प्राथमिक पाठ्यक्रमाचे वाचन करावयाचे आहे. हा विषय मी शिकलो आणि पुढे शिकवला. विज्ञानशाखेत आलेली आपली पुष्कळ मुले याच विषयाशी अडखळताना मी पाहिली आहेत. त्यांच्या अडखळण्याचे कारण त्यांच्या बुद्धीत शोधण्याची रीत जुनी आहे. ते कारण पाठ्यक्रमात शोधता येते का, एवढाच येथे प्रश्न आहे.

१

प्रथम शब्दांकडे पाहू. मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्यूटेन अशी संयुगांची एक मालिका असते. प्रत्येक पायरीवर एक कार्बन आणि दोन हायड्रोजन वाढतात. या मालिकेची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकात फ्रान्समध्ये शार्ल गेऱ्हार्टने मांडली. त्याने वापरलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा आशय ‘समान नात्याचे’ असा आहे. मराठी शाळेच्या पुस्तकात त्याला नाव मिळाले ‘समजातीय श्रेणी’. सोन्यासारख्या, सहजासहजी कशाशीही संयोग न पावणाऱ्या धातूंना आपण ‘राजधातू’ म्हणतो, हेलियम-निऑनना ‘राजवायू’ म्हणतो. म्हणजे जो इतरांत मिसळत नाही तो राजा!

या शब्दांमागे कोणाचे कारस्थान होते असे मला म्हणावयाचे नाही. मराठीत ‘जात’ म्हणजे प्रकार असाही अर्थ आहे, आणि परिभाषा घडवणाऱ्यांनी तोच घेतला असणार. पण भाषा निष्पाप मनातूनही समाजच बोलून दाखवते. सारखेपणा सांगायचा झाला की ‘जात’ सुचते, आणि क्रम सांगायचा झाला की ‘श्रेणी’. बाबासाहेबांनी ज्या समाजरचनेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिच्यात जन्मलेला मुलगा दहावीच्या वर्गात ‘समजातीय श्रेणीचे गुणधर्म लिहा’ हा प्रश्न वाचतो तेव्हा तो केवळ रसायन वाचत नसतो.

आता गंमत अशी की, खुद्द रसायनातील ही श्रेणी जातीच्या श्रेणीहून सर्वस्वी भिन्न आहे. येथे खालच्या संयुगाला आणखी एक कार्बन जोडून वरच्या पायरीवर नेता येते, वरच्याचे तुकडे करून खालची संयुगे मिळवता येतात. पायरी बदलली की उत्कलनबिंदू बदलतो. मिथेन उणे १६२ अंशांला उकळतो आणि पेंटेन ३६ अंशांला. परंतु कोणताही सभासद दुसऱ्याला विटाळ लावीत नाही. शब्दाने जे सांगितले त्याच्या नेमके उलटे वस्तू सांगते. हा विरोध वर्गात एकदा उच्चारला तर तो शब्दही लक्षात राहील आणि संकल्पनाही. पण तो उच्चारला जात नाही. अध्यापकाला तो दिसलेला नसतो; विद्यार्थ्याला दिसलेला असतो, आणि तो गप्प असतो.

२

पाठ्यक्रमाची सुरुवात बहुधा एका गोष्टीने होते. पूर्वी अशी समजूत होती की, सजीवांच्या शरीरातील पदार्थ बनण्यासाठी एक ‘जीवनशक्ती’ लागते; माणसाला ते प्रयोगशाळेत करता येणार नाहीत. १८२८ साली फ्रीडरिख व्होलर याने बर्लिनमध्ये अमोनियम सायनेट करण्याच्या प्रयत्नात पांढरे स्फटिक मिळवले, आणि ते लघवीत सापडणाऱ्या युरियाचे निघाले. मूत्रपिंडावाचून, मग ते माणसाचे असो की कुत्र्याचे, आपण युरिया करू शकतो असे त्याने आपले गुरू बर्झेलियस यांना कळवले. आणि जीवनशक्तीचा सिद्धांत कोसळला, असे पुस्तक सांगते.

ही गोष्ट इतकी सरळ नाही. व्होलरची मूळ द्रव्येच प्राणिज पदार्थांपासून आलेली होती, असा आक्षेप होता. पुढे १८४५ साली कोल्बेने मूलद्रव्यांपासून सुरुवात करून ॲसेटिक आम्लापर्यंत मजल मारली, आणि अशा अनेक प्रयोगांनंतर ती समजूत हळूहळू झिजली. एका माणसाने एका दिवसात जुने जग पाडले ही कथा नंतर रचली गेली, हे विसाव्या शतकातील विज्ञानेतिहासकारांनी दाखवून दिले आहे. पाठ्यपुस्तके मात्र ती पुराणकथेसारखी सांगत राहतात. ज्या पुस्तकाने तपासायला शिकवायचे, तेच पुस्तक पहिल्या पानावर न तपासता विश्वास ठेवायला शिकवते.

परंतु या गोष्टीविषयी माझी खरी तक्रार वेगळी आहे. व्होलरच्या प्रयोगाचा आशय काय? पदार्थ कोणाच्या शरीरातून आला यावर त्याचे गुणधर्म ठरत नाहीत. गाईच्या मूत्रातील युरिया, कुत्र्याच्या मूत्रातील युरिया आणि काचपात्रातील युरिया हा एकच पदार्थ आहे. कार्बन, ऑक्सिजन, दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन. अमोनियम सायनेटमध्येही हेच अणू, याच संख्येने असतात. जुळणी बदलली की पदार्थ बदलतो. यालाच आपण समघटकता म्हणतो. उगम नव्हे, रचना गुणधर्म ठरवते, हा सेंद्रिय रसायनाचा पाया आहे.

या प्रयोगानंतर नव्व्याण्णव वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी ते तळे ‘शुद्ध’ केले. एकशेआठ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवले आणि मंत्रघोषात ते परत तळ्यात ओतले. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते आणि जनावराच्या मूत्राने ते शुद्ध होते, हा दावा ज्या समाजाने उघडपणे केला, त्याच समाजाच्या विद्यापीठांतून व्होलरची गोष्ट शिकवली जाते. दोन्ही गोष्टींच्या मध्यभागी एकच पदार्थ आहे. पण एका तासाला त्या एकत्र आलेल्या मी कधी ऐकल्या नाहीत. व्होलरचा प्रयोग शिकवणे आणि महाडचे शुद्धीकरण न उच्चारणे, ही निःपक्षपाती वृत्ती नव्हे. हा प्रयोगाच्या अर्थापासून काढलेला पळ आहे.

आपल्या मुलाला युरिया अनोळखी नसतो. शेतात मजुरीला गेलेल्या आईबरोबर त्याने तो हाताने फेकलेला असतो. पोत्यावर छापलेले ‘नायट्रोजन ४६ टक्के’ वाचलेले असते. त्या ४६ चा हिशेब याच पाठ्यक्रमातील रेणूभारावरून मांडता येतो. पाठ्यपुस्तक बर्लिनहून सुरू होते आणि बर्लिनलाच संपते. बांधावरच्या पोत्यापर्यंत ते पोहोचत नाही.

३

दुसरे उदाहरण मार्कोव्हनिकोव्हच्या नियमाचे. रशियन रसायनज्ञ व्लादिमिर मार्कोव्हनिकोव्ह याने सुमारे १८७० साली मांडलेला हा नियम प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. प्रोपीनसारख्या असंतृप्त संयुगात हायड्रोजन ब्रोमाइडचे समावेशन होते तेव्हा, दुहेरी बंधातील ज्या कार्बनवर आधीच अधिक हायड्रोजन असतात, त्यालाच नवा हायड्रोजन मिळतो. मी ज्या महाविद्यालयात शिकलो तेथे सरांनी हा नियम सांगून हसत म्हटले होते, ‘ज्याच्याकडे आहे त्यालाच मिळते, निसर्गाचा नियमच आहे!’ वर्ग हसला. मागच्या बाकांवरची आम्ही तीन-चार मुलेही हसलो, कारण न हसणे परवडणारे नव्हते.

असा विनोद फार वर्गांतून होतो. तो करणारे अध्यापक दुष्ट नसतात. पण त्या विनोदाने काय केले ते पाहा. समाजातील विषमतेला त्याने निसर्गाची साक्ष मिळवून दिली, आणि रसायनही चुकीचे शिकवले. कारण हायड्रोजन त्या कार्बनकडे जातो तो त्याच्या श्रीमंतीमुळे नव्हे. हायड्रोजन जोडला गेल्यावर शेजारच्या कार्बनवर धनभार येतो. त्या कार्बनला भोवतीच्या गटांचा इलेक्ट्रॉनांचा आधार जितका अधिक, तितकी ती मधली अवस्था टिकाऊ. क्रिया त्या वाटेने जाते. म्हणजे निकाल ठरतो तो भाराला आधार कोठे मिळतो यावर.

आणि पुढे? १९३३ साली शिकागोत खराश आणि मेयो यांनी दाखवले की, पेरॉक्साइडच्या उपस्थितीत हायड्रोजन ब्रोमाइडचे समावेशन नेमके उलट होते. तोच प्रोपीन, तोच हायड्रोजन ब्रोमाइड. क्रियेची वाट बदलली, ब्रोमिन आधी जोडला गेला, आणि हायड्रोजन दुसऱ्या कार्बनला मिळाला. ज्याला निसर्गाचा नियम म्हटले तो विशिष्ट परिस्थितीचा नियम होता. हा परिणाम त्याच प्रकरणात, बहुधा दोनच पानांनंतर असतो. विनोद मात्र तेथवर येत नाही.

येथे एक सावधगिरी अगत्याची आहे. रेणूवरून समाजाचे सिद्धांत काढू नयेत. पेरॉक्साइडचा परिणाम म्हणजे क्रांतीची शास्त्रीय सिद्धता, असे कोणी लिहिले तर मी त्यालाही विरोध करीन. हायड्रोजन क्लोराइडच्या बाबतीत तो परिणाम मिळत नाही, मग क्रांतीचे काय करायचे? माझे म्हणणे इतकेच की, उपमा वापरण्याचा अधिकार एकाच बाजूला असतो. विषमतेची उपमा वर्गात ‘विनोद’ म्हणून खपते; तिला दिलेल्या उत्तराला ‘विषयांतर’ म्हणतात.

४

आता जे पुस्तकात नाही त्याकडे वळू. फिनॉल ओळखण्याची एक परीक्षा प्रत्येक विद्यार्थी प्रात्यक्षिकात करतो. द्रावणात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले की जांभळा, निळा किंवा हिरवट गडद रंग येतो. जर्नलमध्ये निरीक्षण आणि अनुमान लिहिले की काम संपले. पण कातडे कमावणाऱ्या ढोराच्या घरातल्या मुलीला ही परीक्षा घरीच भेटलेली असते. बाभळीच्या सालीचे, हिरड्याचे पाणी लोखंडाला लागू देऊ नये, ते काळे पडते आणि कातड्यावर डाग येतो, हे ते घर पिढ्यान्‌पिढ्या जाणते. हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळा रंग काढणारा रंगारीही तेच जाणतो. हिरड्यातले आणि सालीतले टॅनिन हे फिनॉलच्या कुळातले, अनेक हायड्रॉक्सिल गट असलेले मोठे रेणू आहेत.

कातडे कमावणे म्हणजे काय? कच्चे कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवून केस सैल करायचे, खरवडायचे, चुना धुऊन काढायचा. मग कातड्याची पिशवी शिवून तिच्यात साल आणि हिरड्याचा काढा भरून ती टांगायची आणि झिरपणारे पाणी पुन्हा पुन्हा ओतायचे. टॅनिनचे हायड्रॉक्सिल गट कातड्यातील कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांना असंख्य हायड्रोजन बंधांनी बांधतात. मग पाणी आणि जंतू त्याला सहजी कुजवू शकत नाहीत. हायड्रोजन बंध समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण कोणते? १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळवलेल्या एमिल फिशरने आयुष्याचे शेवटचे दशक या टॅनिनांच्या रचनेसाठी वेचले. युरोपात टॅनिनला हात लावणारा प्राध्यापक होता. आपल्याकडे त्याच टॅनिनने ज्याचे हात तपकिरी झाले त्याला गावाबाहेर ठेवले गेले.

अमाइनच्या प्रकरणात पुट्रेसिन आणि कॅडॅव्हरिन ही दोन नावे ओझरती येतात. बर्लिनच्या लुडविग ब्रीगरने १८८०च्या दशकात ती कुजणाऱ्या मांसातून वेगळी केली. नावेच कुजणे आणि प्रेत या अर्थाच्या शब्दांवरून दिली. मेलेले ढोर ओढून नेणे हे गावाने ज्यांच्या माथी मारले, त्यांच्या अंगाला येणाऱ्या वासाचा एक वाटा या संयुगांचा होता. गावाने तो वास जातीचा ठरवला. जिवाणूंनी लायसिनसारख्या अमिनो आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकला की कॅडॅव्हरिन बनते. ते कोणाच्याही हातावर बनते. हे एक वाक्य पाठ्यपुस्तकात का असू नये?

या प्रश्नाचे उत्तर एका मोठ्या रसायनज्ञानेच फार पूर्वी दिलेले आहे. प्रफुल्लचंद्र राय यांचे नाव आपले विद्यार्थी ऐकतात. बंगाल केमिकलचे संस्थापक म्हणून, ‘हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास’ या द्विखंडी ग्रंथाचे लेखक म्हणून. १९०२ साली पहिला खंड निघालेल्या या ग्रंथात राय यांनी भारतातील वैज्ञानिक वृत्तीच्या ऱ्हासाची कारणमीमांसा केली, आणि तिच्यात जातिव्यवस्थेवर स्पष्टपणे बोट ठेवले. कलाकौशल्ये खालच्या मानलेल्या जातींकडे ढकलली गेली, विचार करणारा वर्ग हाताच्या कामापासून तुटला, प्रेताला शिवणे विटाळ ठरल्यामुळे शरीरविच्छेदन मागे पडले. ‘का’ आणि ‘कसे’ विचारणारी बुद्धी वस्तूपासून दूर गेली. ज्याच्या हाती पदार्थ होता त्याला अक्षर नाकारले, आणि ज्याच्या हाती अक्षर होते त्याने पदार्थाला शिवणे नाकारले. आपल्याकडे रसायनशास्त्र का वाढले नाही याचे याहून नेमके निदान मी वाचलेले नाही.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘भारतीय ज्ञानपरंपरा’ अभ्यासक्रमात आली आहे. कणादाचा परमाणू आणि रसशास्त्राचे ग्रंथ आता अभिमानाने सांगितले जातात. माझा प्रश्न साधा आहे. या ज्ञानपरंपरेत ढोराची पिशवी आहे काय? आणि प्रफुल्लचंद्रांचे नाव घेताना त्यांचे निदान घेणार आहात काय? परंपरेतून हात वगळून केवळ पोथी उचलायची असेल, तर राय यांनी सांगितलेला रोगच आपण पुन्हा अभ्यासक्रम म्हणून लावीत आहोत.

५

यावर आपल्यातूनच एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. कातड्याचे, मेल्या ढोराचे काम सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले. त्या कामाचे कौतुक पाठ्यपुस्तकात आणून तुम्ही मुलांना पुन्हा त्याच कुंडात ढकलणार काय?

नाही. आपल्या पूर्वजांना रसायनशास्त्र येत होते असे मी म्हणत नाही. त्यांना कृती येत होती. रेणूची रचना त्यांना ठाऊक नव्हती, आणि ठाऊक होण्याची वाट बंद केलेली होती. त्या कृतीत कौशल्य होते तसेच चुन्याने खाल्लेली बोटेही होती. तिचे गोडवे गाणे म्हणजे सक्तीला संस्कृती म्हणणे. परंतु काम सोडणे वेगळे आणि त्या कामातील ज्ञानाची लाज बाळगणे वेगळे. आपल्या मुलाने कुंड सोडावे, पण कुंडात काय घडत होते ते त्यालाच सर्वांत आधी समजावे. जे बापाच्या अंगावर कलंक म्हणून लादले गेले, त्याचे सूत्र मुलाने फळ्यावर लिहावे. ही माघार नव्हे.

दुसरा आक्षेप प्रस्थापितांचा: विज्ञानाला जात नसते. खरे आहे. कार्बनला जात नाही. पण पाठ्यपुस्तक कार्बनने लिहिलेले नाही. काय घ्यायचे, काय गाळायचे, कोठून सुरू करायचे, कोणता विनोद करायचा हे माणसे ठरवतात, आणि माणसांना जात असते.

६

शेवटी शिकवण्याच्या पद्धतीविषयी. सेंद्रिय रसायन दोन रीतींनी शिकवता येते. एक रीत पाठांतराची: वुर्ट्झ, कॅनिझारो, फ्रीडेल-क्राफ्ट्स, ग्रिन्यार या नावांच्या अभिक्रिया, अटी आणि अपवाद घोकायचे. दुसरी रीत कारणाची: इलेक्ट्रॉन कोठे अधिक आहेत, कोठे कमी आहेत, ते कोठून कोठे जातील हे वक्र बाणाने दाखवायचे. हा बाण १९२२ पासून रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यामुळे वापरात आला. १९५९ साली निघालेल्या मॉरिसन आणि बॉइड यांच्या पुस्तकाने ही दुसरी रीत जगभर पोचवली, आणि आपल्या विद्यापीठांतही ते पुस्तक शिफारशीच्या यादीत राहिले. परीक्षा मात्र पहिल्या रीतीने होत राहिली: ‘व्याख्या द्या’, ‘टीप लिहा’.

ही निवड तटस्थ नाही. पाठांतराच्या रीतीत शिकवणीवर्गाच्या तयार नोटा, घरातला पदवीधर आणि इंग्रजीचा सराव कामाला येतो. कारणाच्या रीतीत मूठभर तत्त्वांवरून शेकडो अभिक्रिया काढता येतात. तेथे पहिल्या पिढीतला विद्यार्थी इतरांच्या बरोबरीला येऊ शकतो, कारण तर्क वारशाने मिळत नाही. त्यात भाषेची अडचण वेगळीच. दहावीपर्यंत ‘इलेक्ट्रॉनांचे संदान’ म्हणून ज्याला सहसंयुज बंध कळलेला असतो, त्याच्यापुढे अकरावीत तीच गोष्ट इंग्रजीत नवी होऊन उभी राहते. त्याला रसायन येत नाही असे आपण म्हणतो. त्याला फक्त त्याचे भाषांतर येत नसते. मग प्रात्यक्षिकात ‘ब्रेकेज’च्या भीतीने तो उपकरणाला हात लावीत नाही, गटातला दुसरा मुलगा प्रयोग करतो आणि हा नोंद करतो. हात आणि अक्षर यांची ती जुनी फारकत आता अशी उलटी होऊन प्रयोगशाळेत परत येते.

बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी सरकारने खर्च करावा अशी मागणी आग्रहाने केली होती. केवळ कला आणि कायद्याचे शिक्षण पुरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९४६ च्या सिद्धार्थ महाविद्यालयात त्यांनी कलाशाखेबरोबर विज्ञानशाखाही आणली. आपल्या चळवळीने मात्र साहित्याकडे जितके लक्ष दिले तितके प्रयोगशाळेकडे दिले नाही. हा दोष प्रस्थापितांच्या माथी मारून चालणार नाही. तो आपला आहे.

म्हणून माझी सूचना अध्यापक मित्रांना आहे, आणि तिला कोणाची परवानगी लागत नाही. पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रात्यक्षिकात बाटलीतला फिनॉल काढण्याआधी बाजारातून दोन हिरडे आणावेत, कुटून पाण्यात उकळावेत, गाळावेत. परीक्षानळीत ते पाणी घेऊन फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकण्याचे काम अशा विद्यार्थ्याला द्यावे, जो नेहमी फक्त नोंद करतो. पाणी काळेनिळे झाले की विचारावे: हे याआधी कोणी पाहिले आहे? पहिल्या वर्षी कदाचित कोणी हात वर करणार नाही. तरीही पुढच्या वर्षी पुन्हा विचारावे.